बर्फ पडत नाही, पण इंजिन गंजतं

‘बरफ पडते का जी आपल्याइकडे? मंग कूलंट काहाले पायजे? पानी टाका अन् चला.’ उमरेडमध्ये गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या कानावर हे वाक्य पडलं नाही असं होत नाही. नागपूर रोडवरच्या गॅरेजात हे ऐकू येतं, भिवापूरच्या वाटेवरच्या पंक्चरच्या दुकानात ऐकू येतं, कऱ्हांडल्याच्या गेटवर सफारीच्या जिप्सी रांगेत उभ्या असतात तिथेही ऐकू येतं. सांगणारी माणसं वाईट नाहीत. हातानं काम करून शिकलेली आहेत आणि समोरच्याचे दोन पैसे वाचावेत अशी त्यांची खरी इच्छा असते. त्यांचा शब्द गावात चालतो, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं मुद्दा धरून खोडून काढणं भाग आहे. या एका सल्ल्यानं आपल्या भागातली किती इंजिनं अकाली उघडली गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण उन्हाळ्यात कोणत्याही गॅरेजच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावं, उतरवलेली सिलिंडर हेडं दिसतात.

आधी त्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. आपल्याकडे रेडिएटरमधलं पाणी गोठत नाही. डिसेंबर २०१८मध्ये नागपूरचा पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता, आणि ती थंडी लोक अजून आठवतात. तरीही शून्य लांबच राहिलं. कूलंटमध्ये जे इथिलीन ग्लायकॉल असतं ते निम्मं-निम्मं पाण्यात मिसळलं की मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. काश्मिरात किंवा लेहला त्याचं मोल आहे, उमरेडला नाही. एवढ्यापुरता वाद मी हरलो असं समजा.

पण थर्मामीटरला दुसरं टोकही असतं आणि आपण त्या टोकाला राहतो. मे २०१३मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. उमरेडचा उन्हाळा त्याहून वेगळा नसतो. आता रेडिएटर काम कसा करतो ते पाहा. तो इंजिनाची उष्णता हवेत सोडतो, आणि किती सोडेल हे आतल्या द्रवाच्या नि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत ९५ अंश आणि बाहेर २५ असतील तर फरक ७०चा. बाहेर ४५ झाले की फरक ५०वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि क्षमता जवळजवळ तीस टक्क्यांनी घटलेली. त्यात एसी चालू असतो, त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळते ती हवा आधीच तापलेली. पाचगावच्या पुढे कोळशाच्या टिपरामागे गाडी अडकली की वेग संपतो, समोरून येणारा वारा संपतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. कोळशाची धूळ, रस्त्याची माती आणि मेलेले किडे जाळीत बसून उरलीसुरली वाटही बुजवत असतात.

अशा वेळी आतल्या द्रवाला किती अंशांची मोकळीक उरते, हा खरा प्रश्न आहे. हा भाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे उघड्यावर पाणी ९९ अंशांनाच उकळतं. बहुतेक गाड्यांचा थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो आणि पंखा ९५च्या पुढेमागे लागतो. रेडिएटरचं टोपण आत दाब धरून ठेवतं, साधारण एक बारच्या आसपास, म्हणून पाण्याचाही उत्कलनबिंदू १२०पर्यंत चढतो. टोपण चांगलं असेल तर. सात-आठ वर्षं जुन्या गाडीच्या टोपणाचं रबर वाळून कडक झालेलं असतं, स्प्रिंग ढिली पडलेली असते, आणि ते टोपण कोणी तपासत नाही. ते दाब धरेनासं झालं की साध्या पाण्याला उकळायला चार-पाच अंशच उरतात. निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण उघड्यावरही १०७च्या आसपास उकळतं आणि टोपण शाबूत असेल तर १२८पर्यंत दम धरतं. ही मोकळीक दिसायला थोडी वाटते, पण इंजिनात सगळीकडे सारखं तापमान नसतं. एक्झॉस्ट वॉल्वच्या भोवती धातू कितीतरी जास्त तापलेला असतो. तिथे वाफेचे बुडबुडे धरले की त्या जागेला द्रवाचा स्पर्शच होत नाही, आणि नेमकं तिथेच हेड वाकतं किंवा तडकतं.

ग्लायकॉल हे थंड देशाचं औषध आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. १९३०च्या दशकात रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात, जे पुढे स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना लागलं, ग्लायकॉल वापरलं ते गरमीच्या कारणानं. द्रव जितका जास्त तापू देता येईल तितका रेडिएटर लहान ठेवता येतो, आणि विमानाला मोठा रेडिएटर परवडत नाही. पुढे त्यात पाणी मिसळून, दाबाखाली ठेवून तेच काम आणखी चांगलं साधलं. म्हणजे उन्हाळ्यातल्या गाडीला जी मोकळीक हवी आहे तीच त्या इंजिनियरांनी शोधली होती.

इथे एखादा इंजिनियरिंगचा मुलगा उठून म्हणेल की पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. बरोबर बोलतो तो. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, निम्म्या मिश्रणाला सुमारे साडेतीन. शर्यतीच्या गाड्यांत बऱ्याचदा नुसतं पाणी घालतात हेही खरं, कारण सांडलेल्या ग्लायकॉलवर मागून येणारी गाडी घसरते. पण ते पाणी शुद्ध केलेलं असतं, त्यात गंजरोधक रसायन घातलेलं असतं आणि शर्यत झाली की इंजिन उघडलं जातं. आपलं इंजिन दहा-पंधरा वर्षं न उघडता चालावं अशी आपली अपेक्षा असते. शिवाय गाडी बनवणाऱ्यानं पंपाचा प्रवाह आणि रेडिएटरचा आकार ठरवताना मिश्रणाचाच हिशेब धरलेला असतो. याच कारणानं मी उलट टोकालाही विरोध करतो. काही जण जोशात येऊन कॉन्सन्ट्रेट तसंच, पाणी न घालता ओततात. निव्वळ ग्लायकॉल उष्णता नेण्यात बराच मंद असतो. निम्मं म्हणजे निम्मंच.

आणि एवढं सगळं उष्णतेचं बोलून झाल्यावर सांगतो, की माझा मुख्य मुद्दा उष्णता नाहीच. गंज आहे.

इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत एकच धातू नसतो. ब्लॉक बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं, रेडिएटरच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, जुन्या गाडीत तांब्या-पितळेच्या नि वर शिशाचा टाका, पंपाची पाती कधी पत्र्याची, कधी बिडाची. एवढे वेगवेगळे धातू, मध्ये क्षार विरघळलेलं गरम पाणी, आणि त्यात हवेतला ऑक्सिजन. याला बॅटरीच म्हणायचं. जो धातू दुबळा तो झिजतो. कूलंटच्या डब्यात ग्लायकॉलखेरीज काही टक्के जी रसायनं असतात त्यांचं काम या धातूंवर पातळ संरक्षक थर धरून ठेवणं हे आहे. सिलिकेट असतं, फॉस्फेट असतं, नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. पंपाच्या सीलला वंगण मिळतं तेही यातूनच. साध्या पाण्यात यातलं काहीही नाही. उमरेडला बर्फ पडो न पडो, लोखंड सगळीकडे गंजतं आणि गरम पाण्यात लवकर गंजतं.

एका गॅरेजच्या बाकावर मालवाहू पिकअपचा उतरवलेला वॉटर पंप मी हातात घेऊन पाहिला आहे. गाडीला पहिल्या मालकापासून बोअरचं पाणी चालू होतं. पंपाच्या पात्यांची टोकं खाल्ली गेली होती, काही जागी पातं बोटाच्या नखाएवढंच शिल्लक होतं. फिरवला तर तो नीट फिरत होता, आवाज नाही, बेअरिंग ढिलं नाही. पण पाणी ढकलायला पातंच नव्हतं. थर्मोस्टॅट तपकिरी गाळात अर्धा उघडा अडकून बसला होता. रेडिएटर उलटा केला तेव्हा आधी गढूळ पाणी आलं, मग गेरूच्या रंगाचा चिखल. मालक म्हणत होता, ‘पानी तं मी रोज पाहत होतो जी, कधी कमी पडू देल्लं नाही.’ त्याचं खरं होतं. त्यानं काळजी घेतली होती. त्याला सांगितलेली काळजीच चुकीची होती.

मोठ्या डिझेल इंजिनांत आणखी एक प्रकार होतो, आणि उमरेडला खाणी असल्यामुळे तो इथल्या पुष्कळ ड्रायव्हरांच्या ऐकण्यात असेल. डंपर-ट्रकांच्या इंजिनात सिलिंडरचा लायनर थेट पाण्यात उभा असतो. पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला तो थरथरतो, त्या थरथरीनं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन लगेच फुटतात आणि फुटताना धातूचा कण उपटून नेतात. वर्षभरात लायनरला बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरतं. हे थांबवण्यासाठी अशा इंजिनांच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखी रसायनं मुद्दाम घालतात. साधं पाणी ते थांबवू शकत नाही, मग ते कितीही स्वच्छ असो.

आता पाणी कोणतं, तेही पाहू. विदर्भातल्या माणसाला जड पाणी समजावून सांगावं लागत नाही. मार्चमध्ये लावलेला कूलर जूनमध्ये उतरवताना जाळीवर, पंपावर आणि टाकीच्या कडेला जो पांढरा थर बसलेला असतो, वाळाही ज्यानं कडक होऊन जातो, तो थर म्हणजेच आपलं बोअरचं पाणी. कूलरमध्ये तो दिसतो, इंजिनात दिसत नाही, एवढाच फरक. कॅल्शियमचे क्षार पाणी तापलं की बाहेर पडतात आणि जिथे धातू सर्वांत गरम तिथेच आधी बसतात. हा क्षार उष्णता अगदी सावकाश जाऊ देतो. मिलिमीटरभर थर म्हणजे उष्णतेच्या वाटेत इंचभर जाडीचं बीड वाढवून ठेवल्यासारखं आहे.

यात मी अतिशयोक्ती करणार नाही. समजा बोअरच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि गाडीत पाच लिटर पाणी मावतं. एकदा भरलं तर सगळे मिळून अडीच ग्रॅम क्षार आत गेले. अडीच ग्रॅमनं इंजिन मरत नाही. म्हणूनच वाटेत अडल्यावर, जवळ दुसरं काही नसताना, मिळेल ते स्वच्छ पाणी टाकून गाडी गावापर्यंत आणायला माझी काहीही हरकत नाही. पाण्याविना चालवण्यापेक्षा ते शतपटीनं बरं. पण जी गाडी आठवड्याला लिटरभर पाणी पिते तिच्यात वर्षात बावन्न लिटर जातं, म्हणजे सव्वीस ग्रॅम क्षार, आणि दर लिटरमागे नवा ऑक्सिजन. तीन-चार वर्षांत मूठभर दगड आत साठतो. ‘रोज पानी पाहत जा, कमी असलं का टाकत जा’ हा सल्ला म्हणूनच सगळ्यांत घातक आहे. तो सवयीच्या नावाखाली बिघाड पोसतो.

कारण गाडीचं पाणी कमी व्हायलाच नको. ही गोष्ट इतकी साधी असून इतकी विसरली गेली आहे की पुन्हा सांगतो. आजच्या गाडीची पाण्याची वाट बंद असते. तापल्यावर फुगलेला द्रव बाजूच्या टाकीत जातो, थंड झाल्यावर तिथूनच परत येतो. कित्येक महिन्यांत पातळी किंचित उतरली तर समजू शकतो. दर आठवड्याला उतरत असेल तर पाणी कुठेतरी जातं आहे. होस पाइपच्या क्लिपपाशी वाळलेला पांढरा-हिरवा डाग असेल. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून ओघळ असेल. पायाखालचं मॅटिंग ओलं असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल तर हीटरच्या जाळीतून गळतंय. बाहेर कुठेच डाग नसेल तर आणखी वाईट, मग गॅस्केट पाहायला हवं. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ मळी, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, इंजिन चालू असताना टाकीत येणारे बुडबुडे. यातलं काही दिसलं तर पाणी टाकत राहणं म्हणजे रक्तस्राव चालू ठेवून सलाइन लावणं. गळती शोधणं हे काम आहे. टाकत राहणं हे त्या कामाला टाळणं आहे.

‘काटा तं मधातच असते’ हे उत्तर यावर हमखास येतं. काट्यावर फार विसंबू नये. बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की ८० ते १०० अंशांच्या सगळ्या पट्ट्यात तो मध्येच राहावा, म्हणजे चालवणारा घाबरत नाही. पुष्कळ लहान गाड्यांत काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा नि तापल्यावर लाल. आणि सर्वांत महत्त्वाचं, तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पातळी इतकी उतरली की सेन्सर उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा शांत राहू शकतो. काटा वर चढेपर्यंत वाट पाहणाऱ्याला कधीकधी आधी ठोक्याचा आवाज ऐकू येतो.

राहिला बापजाद्यांचा दाखला. ‘आमच्या बापानं जिंदगीभर जीपमंदी नदीचं पानी टाकलं, काही झालं का तिले?’ झालं होतं, पण त्या काळी दुरुस्ती वेगळी होती. त्या जीपचा ब्लॉक जाड बिडाचा होता, रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. तो गळला की रेडिएटरवाल्याकडे टाका मारून मिळे, चोंदला की वरचं खालचं भांडं उघडून सळईनं नळ्या साफ करत. आजच्या रेडिएटरच्या नळ्या कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या आहेत आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या आहेत. तो उघडून साफ करण्याची सोय ठेवलेलीच नाही. आणखी एक आठवण लोक देतात, शेतातल्या ऑइल इंजिनाची. कूपर नि किर्लोस्करची ती इंजिनं विहिरीच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालली हे खरंच आहे. पण पंप जे पाणी उपसत असे त्यातलंच थोडं इंजिनातून फिरून पाटात जात असे. पाणी कोमट होऊन निघून जाई, उकळीच्या जवळ तासन्‌तास फिरत राहत नसे. बंद वाटेत तेच ते पाणी हजारदा तापवणाऱ्या गाडीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. आणि ज्यांनी खरोखरच बंद भांड्यात पाणी उकळलं त्यांना विचारा. नागपूर-नागभीडची छोट्या रुळांची गाडी उमरेडवरून जायची, २०१९मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद होईपर्यंत. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेत बॉयलर ठरावीक मुदतीनं रिकामे करून धुवावे लागत, नळ्यांवरचा क्षार काढावा लागे, जड पाण्याच्या ठिकाणी पाण्यावर प्रक्रिया करावी लागे. आधीच्या पिढीतल्या ज्यांचं पोट पाणी तापवण्यावर होतं, त्यांनी पाण्याला कधीच निरुपद्रवी मानलं नव्हतं.

थर्मोस्टॅटबद्दल दोन शब्द, कारण हा पाण्याचाच भाऊबंद सल्ला आहे. गाडी तापते म्हटलं की ‘वॉल्व काढून टाकतो, फॅन डायरेक्ट करून देतो’ हे ठरलेलं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर तो बदलावा. काढून टाकला की इंजिन कामाच्या तापमानाला पोचायला उशीर लावतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये इंधन नि ओल उतरत राहते. पंखा सतत चालू ठेवला की त्याची मोटर लवकर जाते, आणि एखाद्या दुपारी ती गेली तर कळायलाही मार्ग नसतो. दोन्ही उपाय रोग तसाच ठेवून त्याचं लक्षण दाबतात.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप. कूलंट म्हणजे कंपन्यांची लूट. यात तथ्य आहे, आणि मी ते लपवणार नाही. दर सर्व्हिसला गरज नसताना कूलंट बदलल्याचं बिल लावणारे आहेत. रस्त्याच्या कडेला हिरवं पाणी बाटलीत भरून कूलंट म्हणून विकणारे आहेत. ग्राहकानं चिडावं असंच हे आहे. पण लुटीवरचा उपाय माहिती हा आहे, बोअरचं पाणी नाही. गाडीच्या पुस्तिकेत कूलंट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते छापलेलं असतं. जुन्या पद्धतीचा दोन-तीन वर्षांत थकतो, नव्या सेंद्रिय आम्लांच्या पद्धतीचा पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त टिकतो. सर्व्हिसवाल्यानं आधी बदलायला सांगितलं तर पुस्तिकेचं पान दाखवावं. विकत घेताना बाटलीच्या मागे आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं मानक लिहिलंय का ते पाहावं. रंगावर भरवसा ठेवू नये. हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा हा रंग कारखान्यानं घातलेला असतो, त्याला कुठलंही बंधन नाही. दोन वेगळ्या पद्धतींचे कूलंट रंग जुळला म्हणून एकत्र केले तर गंजरोधक रसायनं एकमेकांना निकामी करू शकतात, कधी आत लगदाही धरतो. आत काय आहे हे माहीत नसेल तर सगळं रिकामं करून, धुऊन, नव्यानं भरणं हाच प्रामाणिक मार्ग. बाटली ‘रेडी टू यूज’ असेल तर तिच्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं मिसळायचं.

तपासायला मिनिटही लागत नाही. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागेवर बॉनेट उघडायचं. टाकीवर खालची आणि वरची अशा दोन रेषा असतात, पातळी त्यांच्या मध्ये असली पाहिजे. नुसती पातळी पाहून थांबू नये, रंग गढूळ झालाय का, तेलाचा तवंग आहे का, तेही पाहावं. कमी असेल तर टाकीतच, वरच्या रेषेपर्यंतच भरावं. काठोकाठ भरलं तर तापल्यावर बाहेर येईल. आणि गाडी तापलेली असताना टोपणाला हात लावू नये. फडकं गुंडाळूनही नाही. आत १०० अंशांच्या वर तापलेला द्रव केवळ दाबामुळे उकळायचा थांबलेला असतो. टोपण फिरवलं की दाब जातो आणि तो सगळाच्या सगळा एका क्षणात उकळून तोंडावर येतो. दरवर्षी मे महिन्यात कुणाचा ना कुणाचा चेहरा, मान, हात असा भाजतो. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबणं एवढंच तेव्हा करायचं असतं. आणि इंजिन लालबुंद तापलेलं असताना थंड पाणी ओतायचं नाही, त्यानं हेड तडकतं.

जुना कूलंट नालीत सोडून देण्याची जी रीत आहे तीही थांबली पाहिजे. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. कुत्रं, वासरू, लहान मूल, कोणीही ते पिऊ शकतं. त्याच्याच भावकीतल्या डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिल्यानं १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उरलेला कूलंट भरून कपाटात ठेवणाऱ्या प्रत्येकानं हे आठवावं.

शेवटी ज्या कारणासाठी लिहायला बसलो ते. ‘गरिबाले कुठं परवडते कूलंट’ असं म्हटलं जातं. उमरेड-भिवापूरकडे हप्त्यावर घेतलेली जुनी पिकअप आहे, तिच्यात मिरचीची पोती भरून माणूस कळमन्याच्या बाजारात जातो. त्याच्या इंजिनात कूलंट भरायचा खर्च हजार-दीड हजारांच्या घरात जातो आणि तो काही वर्षांतून एकदा येतो. हेड उतरवणं, फेसिंग, गॅस्केट, मजुरी, आणि लायनर गेला असेल तर पुढचं सगळं, हा खर्च त्याच्या कित्येक पट. शिवाय गाडी उभी असते ते दिवस वेगळे, आणि हप्ता त्या दिवसांतही थांबत नाही. शोरूमच्या गाडीवाल्याला वॉरंटी असते, दुसरी गाडी असते. या माणसाला काहीच नसतं. ज्याला बिघाड परवडत नाही त्यालाच आपण बिघाडाची हमी देणारा सल्ला फुकट देतो आणि त्याला काटकसर म्हणतो. याचा मला संताप येतो.

गॅरेजवाल्या मित्रांकडे एवढंच मागणं आहे. कूलंटची वाट दाबाखाली तपासायचा हातपंप मिळतो, रेडिएटरच्या तोंडाला बसवून टोपणाएवढा दाब द्यायचा आणि काटा उतरतो का ते दहा मिनिटं पाहायचं. त्याच पंपावर टोपणही तपासता येतं. सायकलला हवा भरण्याइतकंच ते काम आहे, आणि त्याची किंमत एका हेड-गॅस्केटच्या कामाच्या मजुरीत निघून जाते. ‘पाणी कमी होते’ म्हणून गाडी आली की बादली आणण्याआधी हा पंप लावा. आणि गाडी ज्याची आहे त्यानं पंप लावल्याशिवाय गॅरेजातून हलू नये.